मोठ्या शहरातला मुक्काम : आधी गाडीची जागा, मग खोली

स्वतःची मोटार घेऊन मुंबई-पुण्याहून बेंगळुरू, हैदराबाद किंवा अहमदाबाद गाठणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. सुवर्ण चतुष्कोनाचे रस्ते झाले, फास्टॅगमुळे टोलनाक्यांवरच्या रांगा कमी झाल्या आणि पाचशे-साडेपाचशे किलोमीटरचा पल्ला एका दिवसात सहज पार पडू लागला. रस्ता सोपा झाला, शहर मात्र सोपे झालेले नाही. दिवसभर वाहन चालवून थकलेला माणूस सायंकाळी सातच्या सुमारास शहराच्या वेशीशी येतो, पुढचे पंधरा किलोमीटर कापायला त्याला दीड तास लागतो, आणि अखेर हॉटेलच्या दारात पोचल्यावर पहारेकरी सांगतो, ''साहेब, गाडी समोर रस्त्यावर लावा, काही होत नाही.'' मुले पेंगुळलेली, सामान टपावर, अनोळखी गल्ली आणि आत पैसे आधीच भरलेले. अशा वेळी माणूस पहारेकऱ्याचे ऐकतो आणि रात्रभर खिडकीशी येरझाऱ्या घालतो.

हा प्रसंग टाळता येतो. त्यासाठी मुक्काम शोधण्याची आपली नेहमीची पद्धत थोडी उलटी करावी लागते. आपण आधी खोली पाहतो, भाडे पाहतो, छायाचित्रे पाहतो आणि शेवटी 'पार्किंग आहे ना?' असे विचारतो. मोटारीने प्रवास करणाऱ्याने हा शेवटचा प्रश्न पहिला करावा. बेताच्या भाड्याची खोली मोठ्या शहरात पुष्कळ ठिकाणी मिळते. बेताच्या भाड्याची खोली आणि गाडीला रात्रभर सुरक्षित जागा या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणाऱ्या जागा मात्र थोड्या असतात, आणि त्या शहराच्या विशिष्ट भागांतच असतात.

स्वस्त लॉज स्टेशनजवळच का?

आपल्याकडील जुन्या शहरांत स्वस्त लॉज कोठे आहेत, हे आठवून पाहावे. बेंगळुरूत मॅजेस्टिक आणि गांधीनगर, हैदराबादेत नामपल्ली आणि अ‍ॅबिड्स, अहमदाबादेत कालुपूर आणि रिलीफ रोड, दिल्लीत पहाडगंज, मुंबईत फोर्ट, काळबादेवी आणि दादर. यांतील बहुतेक ठिकाणे रेल्वे स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि हा योगायोग नव्हे. हे लॉज ज्या काळात उभे राहिले, त्या काळातला प्रवासी रेल्वेने येत असे. हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन तो दहा मिनिटांत मुक्कामी पोचत असे. त्याला अंगण नको होते, स्थानक जवळ हवे होते. पुष्कळ लॉज तर जुन्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवर थाटलेले आहेत. खाली दुकाने, वर खोल्या. अशा इमारतीला गाड्यांसाठी जागा असणार कोठून?

म्हणजे मोटारीने आलेला प्रवासी स्वस्त खोलीच्या शोधात नेमका रेल्वे प्रवाशांसाठी वसलेल्या पेठेत शिरतो. उलट, शहराच्या कडेला गेल्या पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या हॉटेलांचा नकाशा मंजूर होतानाच वाहनतळाचा विचार झालेला असतो. तिथे जमीनही तुलनेने स्वस्त, त्यामुळे भाडे आवाक्यात राहते. पूर्वी अशा जागेची अडचण एकच होती. शहर पाहायला रोज गाडी काढून गर्दीत शिरावे लागे. अनेक महानगरांत मेट्रो थेट महामार्गाच्या कडेपर्यंत आल्यामुळे ही अडचणही बरीच कमी झाली आहे. तेव्हा शोधायचे ते असे ठिकाण, जिथे आपला महामार्ग आणि शहराची रेल्वे एकमेकांना भेटतात. गाडी तिथे लावावी, परतीच्या दिवसापर्यंत हलवू नये, आणि शहर मेट्रोने किंवा लोकलने पाहावे.

बेंगळुरू : तुमकूर रस्त्याची सोय

याचे सर्वांत चांगले उदाहरण बेंगळुरूचे. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर या वाटेने येणारी महाराष्ट्रातील प्रत्येक गाडी नेलमंगल ओलांडून तुमकूर रस्त्यानेच शहरात येते. नम्म मेट्रोची हिरवी मार्गिका याच रस्त्याच्या अंगाने धावते. पूर्वी ती नागसंद्र येथे संपत असे. ७ नोव्हेंबर २०२४ पासून ती आणखी पुढे, मोठ्या प्रदर्शन केंद्राजवळच्या मादावरपर्यंत आली आहे. मादावर, नागसंद्र, दासरहळ्ळी, जालहळ्ळी, पीण्या, यशवंतपूर ही स्थानके एकामागून एक याच वाटेवर आहेत. येथून मॅजेस्टिकला जाण्यास अर्धा-पाऊण तास पुरतो. चिकपेट, कृष्णराजेंद्र मार्केट, लालबाग ही ठिकाणे याच मार्गिकेवर असून, कब्बन पार्क व महात्मा गांधी रस्त्यासाठी मॅजेस्टिकला जांभळी मार्गिका पकडावी लागते.

पीण्या ही औद्योगिक वसाहत. तिथल्या हॉटेलांचे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यांच्या कामासाठी येणारा माणूस, आणि तो शुक्रवारी घरी परततो. अशा भागात शनिवार-रविवारचे भाडे उतरण्याचा संभव अधिक. पर्यटनस्थळी याच्या नेमके उलट घडते, आणि म्हणून सहलीचा शनिवार महानगराच्या औद्योगिक कडेला काढणे खिशाला परवडते. एक सूचना मात्र लक्षात ठेवावी. पीण्याच्या भागात महामार्गावर लांब उड्डाणपूल आहे. हॉटेल पुलाखालच्या रस्त्यावर असेल, तर पुलावर चढलेली गाडी ते हॉटेल मागे टाकून थेट गोरगुंटेपाळ्यापाशी उतरते, आणि तिथून सायंकाळच्या वाहतुकीत मागे वळणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते. पूल कोठे सोडायचा, हे फोनवर हॉटेलवाल्यालाच विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. कर्नाटकात महामार्गालगत 'हॉटेल' अशी पाटी दिसली म्हणजे तिथे राहण्याची सोय असेलच असे नाही. पुष्कळदा ते केवळ इडली-डोशाचे उपाहारगृह असते. मुक्कामासाठी 'लॉजिंग' हा शब्द शोधावा. अर्थात आपल्याकडेही परिस्थिती फार वेगळी नाही.

हैदराबाद आणि अहमदाबाद

हैदराबादेतही हाच हिशेब जुळतो. सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद, संगारेड्डी असा येणारा महामार्ग पाटणचेरूवरून मियापूरला पोचतो, आणि मियापूर हे तिथल्या मेट्रोच्या लाल मार्गिकेचे पहिले स्थानक. २०१७ साली सुरू झालेली ही मार्गिका अमीरपेट, नामपल्लीवरून महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत आणि पुढे एल. बी. नगरपर्यंत जाते. सालारजंग संग्रहालय आणि चारमिनार बसस्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. चारमिनारच्या परिसरात स्वतःची गाडी नेण्याचा मोह कोणी करू नये. रमजानच्या महिन्यात तर मुळीच नाही. ज्यांना पुढे विजयवाडा किंवा श्रीशैलमकडे जायचे आहे, त्यांनी मियापूरला थांबून सकाळी १५८ किलोमीटरच्या बाह्य वळण रस्त्याने शहराला वळसा घालावा.

अहमदाबादचा जुना भाग २०१७ मध्ये 'युनेस्को'च्या जागतिक वारसा यादीत गेला. ज्या पोळी पाहण्यासाठी आपण तिथे जातो, त्यांच्या गल्ल्यांतून दुचाकी निघणेही कठीण. तिथे गाडी असणे ही सोय नव्हे, ते ओझे आहे. वडोदऱ्याहून येणारा द्रुतगती मार्ग शहराच्या पूर्व अंगाला उतरतो, आणि २०२२ मध्ये सुरू झालेली पूर्व-पश्चिम मेट्रो त्याच बाजूच्या वस्त्रालहून निघून कालुपूर, घीकांटा या जुन्या भागांखालून थलतेजला जाते. पूर्वेकडे मुक्काम केल्यास गाडी शहरात न्यावीच लागत नाही. खाण्यापिण्याची आणि खरेदीची हौस असणाऱ्यांना साबरमतीच्या पश्चिमेचा भाग अधिक आवडेल. तिथली हॉटेले नवी आहेत, पण भाडेही त्या मानाने चढे.

मुंबईत येणाऱ्यांसाठी

नागपूर, संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर येथून मुंबईला गाडीने येणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमणेपर्यंत पूर्ण झाला. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूने दक्षिण मुंबई जवळ आणली. मुंबईपर्यंत पोचणे असे सोपे होत गेले, पण फोर्ट-कुलाब्यात गाडी लावण्याची जागा काही वाढलेली नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. वाढली, पण गाड्या तिच्यापेक्षा वेगाने वाढल्या. दक्षिण मुंबईतील परवडणाऱ्या हॉटेलांपैकी बहुतेकांना आवारच नाही. तेथील कर्मचारी जवळच्या 'पे अँड पार्क'कडे बोट दाखवतात. तिथे तासावर आकारणी असते, आणि दोन रात्रींचा आकडा पाहिल्यावर स्वस्त खोली स्वस्त राहिली नाही, हे ध्यानात येते.

पुणे आणि दक्षिण महाराष्ट्राकडून येणाऱ्यांनी पनवेल, खारघर, बेलापूर किंवा वाशीला थांबावे. सिडकोने नवी मुंबईत रेल्वे स्थानकांपुढे मोकळी जागा राखली, तिचा उपयोग येथे होतो. वाशीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला हार्बरची लोकल सुमारे पन्नास मिनिटांत पोचवते. पनवेलहून सव्वा तासाहून थोडे अधिक लागते. नाशिककडून किंवा समृद्धीवरून येणाऱ्यांना ठाणे सोयीचे. मात्र ठाणे स्थानकालगतच्या जुन्या भागात शिरण्यापेक्षा महामार्गालगतचे हॉटेल घेऊन स्थानकापर्यंत रिक्षा करावी. गुजरातकडून येणाऱ्यांना मीरा रोड-दहिसर हा पट्टा आहे. तिथून पश्चिम रेल्वेही मिळते आणि दहिसरहून अंधेरीकडे जाणारी मेट्रोही. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण धावू लागल्यामुळे उपनगरात राहून दक्षिण मुंबई पाहणे पूर्वीपेक्षा पुष्कळच सुसह्य झाले आहे. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील, तर सकाळी साडेआठ ते अकरा या वेळेत लोकलकडे फिरकू नये, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही, पाहुण्याला सांगावे लागते.

पुण्यात येणाऱ्यांसाठी वेगळाच इशारा आहे. पेठांतील व मध्यवर्ती भागांतील अनेक रस्त्यांवर 'पी-१, पी-२' अशा पाट्या आढळतात. सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची, असा त्याचा अर्थ. रात्री योग्य बाजूला लावलेली गाडी मध्यरात्री तारीख बदलताच चुकीच्या बाजूला जाते. परगावचा माणूस सकाळी चहा पिऊन खाली येतो, तो जागेवर गाडी नसते. ती चोरीला गेलेली नसून वाहतूक शाखेच्या ताब्यात असते, एवढाच काय तो दिलासा.

दिल्लीला गाडी नेणाऱ्यांनी हॉटेलआधी आपल्या गाडीचे वय आणि इंजिनाचा 'बीएस' दर्जा पाहावा. जुन्या गाड्यांवर तिथे निर्बंध आहेत. शिवाय हिवाळ्यात हवेचे प्रदूषण ठरावीक पातळीपलीकडे गेले की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारींना दिल्लीतच नव्हे, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि नोएडाच्या जिल्ह्यातही मनाई होते. हे आदेश एका दिवसाच्या अंतराने येतात. नोव्हेंबर ते जानेवारीत अशी गाडी घेऊन जाणाऱ्याने जयपूरलाच गाडी ठेवून पुढे रेल्वेने जावे, हे उत्तम.

फोनवर काय विचारावे

आगाऊ नोंदणीच्या संकेतस्थळांवर 'पार्किंग उपलब्ध' एवढेच दोन शब्द असतात. त्यांचा अर्थ हॉटेलागणिक बदलतो. कोठे तळघरात पन्नास गाड्यांची जागा असते, तर कोठे फाटकासमोर चार. कोठे शेजारच्या मोकळ्या भूखंडालाच पार्किंग म्हणतात, आणि कोठे सरळ सार्वजनिक रस्त्याला. म्हणून पैसे भरण्यापूर्वी थेट हॉटेलच्या क्रमांकावर फोन करावा आणि 'पार्किंग आहे का' असे न विचारता 'रात्री माझी गाडी फाटकाच्या आत राहील की बाहेर' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला 'हो' हे उत्तर ठरलेलेच असते. दुसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस क्षणभर थांबला, तर काय ते समजावे.

गाडी उंच असेल तर आणखी एक चौकशी आवश्यक आहे. कमी जागेत बांधलेल्या हॉटेलांत एकावर एक गाड्या ठेवणारे यांत्रिक वाहनतळ असतात. त्यांतील पुष्कळसे साध्या मोटारींच्या मापाचे असतात. जीपवजा उंच गाडी त्यात मावत नाही, आणि टपावर सामानाचा कॅरिअर असेल तर साधी गाडीही अडते. गाडीचे नाव सांगूनच विचारावे.

हॉटेलला मंगल कार्यालय किंवा सभागृह जोडलेले आहे काय, हेही पाहावे. लग्नाच्या तिथीला दोनशे गाड्या येतात, आणि त्या रात्री खोलीतल्या पाहुण्याची गाडी कोणाच्या खिजगणतीत नसते. तसेच पहाटे निघायचे असेल तर ते आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. लहान आवारात गाड्या एकीमागे एक लावतात. पहाटे पाच वाजता आपल्या गाडीमागे दुसऱ्याची गाडी असते, आणि तिचा मालक चौथ्या मजल्यावर गाढ झोपेत असतो. पहाटेचे दोन तास म्हणजे महानगराबाहेर पडण्याची एकमेव सुखाची वेळ. ती अशी वाया गेली, तर साऱ्या दिवसाचे गणित चुकते.

किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना

गाडी लावून देणारा कर्मचारी किल्ली मागतो आणि बदल्यात एक चिठ्ठी देतो. तिच्यावर 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' असे छापलेले असते. ते वाचून पुष्कळांना वाटते, गाडीला काही झाले तर बोलायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात वेगळे सांगितले आहे. १९९८ मध्ये दिल्लीतील या हॉटेलात एका पाहुण्याने आपली मारुती झेन किल्लीसह कर्मचाऱ्याकडे सोपवली होती. परत निघताना गाडी भलताच कोणी घेऊन गेल्याचे त्याला कळले. किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली, की ती सांभाळण्याची जबाबदारी हॉटेलवर येते, योग्य काळजी घेतली होती हे हॉटेलनेच दाखवायचे असते, आणि निष्काळजीपणा झाला असल्यास चिठ्ठीवरील छापील मजकुराआड लपता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. भरपाईचा आदेश कायम राहिला. मात्र घटना आणि अंतिम निकाल यांत एकवीस वर्षे गेली, हेही विसरू नये.

या निकालाचे व्यवहारातले महत्त्व असे की, किल्ली दिली आणि चिठ्ठी घेतली या दोन्ही गोष्टी पुराव्याने दाखवता आल्या पाहिजेत. चिठ्ठी खिशात जपावी, तिचे छायाचित्र काढावे, गाडीवर आधीच्या खरचट्या असतील तर त्यांचेही काढून ठेवावे. आपण स्वतः गाडी लावून किल्ली जवळ ठेवली, तर हॉटेलची जबाबदारी तितकी सरळ उरत नाही. आणि विम्यासाठी एक गोष्ट : चोरीचा दावा करताना विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली घरी कपाटात सुरक्षित असावी. ती गाडीच्याच कप्प्यात टाकून प्रवासाला निघणारे लोक आहेत.

भाड्याचा हिशेब

खोलीची तुलना करताना केवळ भाड्याचा आकडा पाहू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने कोणी हिशेब सांगत असेल तर विचारावे. समजा, मध्यवर्ती भागात खोली २,००० रुपयांना आहे आणि वाहनतळाचे दिवसाला ४०० रुपये वेगळे पडतात. कडेच्या हॉटेलात खोली २,२०० रुपयांना असून गाडी फुकट राहते. मग दुसरी जागा स्वस्त पडते, पण चौघांच्या मेट्रोच्या तिकिटांचे पैसे त्यात मिळवल्यावर कदाचित पारडे पुन्हा फिरेल. बेंगळुरूत फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे भाडे बरेच वाढले, हे ध्यानात घ्यावे. एकट्या-दुकट्याला शहराची कड नेहमीच परवडते. पाच जणांच्या कुटुंबाने कागद-पेन्सिल घेऊन बसावे. एकाच रात्रीचा मुक्काम असेल आणि शहर पाहायचेच नसेल, तर शहरात शिरू नये. तुमकूर, संगारेड्डी, वडोदरा यांसारख्या अलीकडच्या गावांत तेवढ्याच पैशांत मोठी खोली आणि मोकळे आवार मिळते.

चालक कोठे झोपणार?

गाडीबरोबर पगारी चालक असेल तर त्याच्या झोपेचा प्रश्न बहुतेक जण अखेरपर्यंत काढतच नाहीत. दुसऱ्या दिवशी पाचशे किलोमीटर आपले सारे कुटुंब त्याच्या जागेपणावर विसंबून असते. तरीही तो रात्र गाडीतच काढतो, काचा थोड्या खाली घेऊन, डासांत. कित्येक हॉटेलांत चालकांसाठी सामायिक निजायची खोली असते, तिथे स्नानाचीही सोय असते. पण ती मागितल्याशिवाय कोणी देऊ करत नाही, आणि सुट्ट्यांच्या हंगामात ती लवकर भरते. जिथे अशी खोली नाही, तिथे जवळच्या लॉजमध्ये त्याच्यासाठी वेगळी खाट घ्यावी आणि तो खर्च मुक्कामाच्या भाड्यातच धरावा. ही चौकशी गाडीच्या जागेबरोबर, त्याच फोनवर करावी. रात्री दहा वाजता स्वागतकक्षासमोर उभे राहून विचारले, तर 'गाडीत झोपतील की ते' एवढेच उत्तर मिळते.